न भरणारा शोषखड्डा

आमच्या कोकणात शौचालयाच्या खड्ड्याची तारीफ करायची झाली, तर ती एका वाक्यात होते: "वीस वर्षं झाली, अजून एकदाही उपसावा लागला नाही." गवंडी हे वाक्य आपल्या कामाची हमी म्हणून वापरतात, घरमालक ते कौतुकाने पाहुण्यांना सांगतात, आणि नवे घर बांधणारा त्याच गवंड्याला बोलावणे धाडतो. मला मात्र असा खड्डा दाखवला की मी आधी आसपास विहीर कुठे आहे ते पाहतो.

मी शिक्षणाने भूशास्त्राचा. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधू पाहणाऱ्या नातेवाइकांच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या जागा पाहायला जाणे, हा उद्योग आपसूक मागे लागला आहे. बोलावणे नेहमी पाण्यासाठी असते. विहीर कुठे खणावी, बोअर मारावी की मारू नये, मारली तर किती फुटांपर्यंत न्यावी, हे प्रश्न ठरलेले. वापरून झालेले पाणी कुठे जिरेल, हे विचारायला आजवर कोणी बोलावलेले नाही. तो विषय मीच काढतो, आणि बहुतेक वेळा यजमान आणखी एकदा चहा विचारून तो बदलतात. अंगणात उभे राहून जे सांगून होत नाही, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

आधी टाकीचे काम किती, हे समजून घ्यायला हवे. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो, हलका भाग साय धरून वर तरंगतो, मधले पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते, आणि तळाचा गाळ हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंमुळे सावकाश कुजत राहतो. सेप्टिक टँकसंबंधीच्या आय. एस. २४७० या भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते, पण ती वर्षातून एकदा उपसली तर. आपल्याकडे याच्या दुप्पट-तिप्पट टाकी बांधायची आणि मग ती जन्मात उघडायची नाही, असा रिवाज आहे. टाकी लहान असो वा मोठी, तिच्यातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात आणि अमोनियाच्या रूपातला नायट्रोजनही जवळजवळ तसाच असतो. म्हणजे टाकी घन भाग अडवते, पाणी शुद्ध करीत नाही. ते काम टाकीच्या पुढची माती करते, आणि म्हणून टाकीचे बांधकाम कितीही देखणे झाले तरी सगळा प्रश्न मातीवर येऊन थांबतो.

माती हे काम कसे करते, हेही थोडक्यात सांगायला हवे. टाकीतून बाहेर पडलेले पाणी ज्या खड्ड्यातून जमिनीत जिरवतात, त्या शोषखड्ड्याच्या भिंतीला काही महिन्यांत एक काळसर, बुळबुळीत थर धरतो. जंतूंनीच तयार केलेला हा थर पाण्याचा वेग कमी करतो आणि बरीच घाण तेथेच अडवतो. त्याच्या पलीकडे माती जर पाण्याने पूर्ण भरलेली नसेल, तर पाणी कणांना चिकटून पातळ पापुद्र्यासारखे सरकते आणि मधल्या पोकळ्यांत हवा राहते. या हवेच्या आधाराने जगणारे मातीतले जीव रोगजंतूंना संपवतात, चिकणमातीचे आणि लोहाच्या गंजाचे सूक्ष्म कण विषाणूंना धरून ठेवतात, आणि अमोनियाचे नायट्रेट होते. नायट्रेट मात्र मातीला चिकटत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते; त्याचा विचार पुढे येईल. या सगळ्याला दोन गोष्टी लागतात: पुरेशी जाड माती आणि पाण्याला त्या मातीत घालवायला पुरेसा वेळ. भूजलाची पातळी वर आली आणि पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा संपते. दगडाची भेग लागली की वेळ संपतो. जो खड्डा वर्षानुवर्षे भरत नाही, त्यातले पाणीही कुठेतरी जातच असते. ते मातीतून जाते की भेगेतून, एवढाच प्रश्न असतो, आणि तो प्रश्न खड्ड्यात डोकावून सुटत नाही.

गावात सर्वांना माहीत असलेला एकच नियम म्हणजे अंतर. "विहिरीपासून पन्नास फूट सोडलंय ना, मग झालं." आय. एस. २४७० च्या दुसऱ्या भागात, जेथे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची विल्हेवाट सांगितली आहे, तेथे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर असे आकडे आहेत. १८ मीटर म्हणजे सुमारे साठ फूट, पन्नास नव्हे. पण त्याच मानकात आणखी एक सूचना आहे, जी नकाशावर सही करणारे बहुधा वाचत नाहीत: चुनखडक किंवा भेगाळलेला खडक असेल, तर जमिनीत पाणी मुरवण्याची ही पद्धत वापरू नये, कारण भेगांच्या वाटेने दूषित पाणी लांबवर जाऊ शकते. ही सूचना गांभीर्याने घ्यायची म्हटली, तर अर्ध्या कोकणातील आणि घाटमाथ्यावरील बहुतेक उताराच्या जागा बाद होतील. म्हणूनच कदाचित ती कोणी वाचत नसावेत.

कोकणातल्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, जमीन कशी असते, ते पाहण्यासाठी भर पावसात एखाद्या बंद पडलेल्या चिरेखाणीत जावे. खाणीची उभी कापलेली भिंत समोर असते. सर्वांत वर वीतभर, फार तर हातभर लाल माती, तिच्याखाली दहा-वीस फूट जांभा, म्हणजे ज्याचे चिरे काढतात तो भोकाभोकांचा तांबडा दगड, आणि काही ठिकाणी तळाशी पांढुरकी, गुलाबी, तेलकट वाटणारी चिकणमाती. जोराची सर येऊन थांबली की काही मिनिटांत त्या भिंतीतून पाणी येऊ लागते. सगळ्या भिंतीतून पाझरत नाही, तर ठरावीक भोकांमधून, कुठे करंगळीएवढ्या तर कुठे मनगटाएवढ्या, धार धरून येते. त्या धारेखाली हात धरला तर पाण्याबरोबर सड्यावरचा पाचोळा आणि लाल गाळ हातात येतो. ज्या वाटेने पाचोळ्याचे तुकडे जाऊ शकतात, त्या वाटेने जंतू अडणार नाहीत, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. जांभ्यातली ही भोके एकमेकांना जोडलेली असतात आणि खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवे वळते. कोकणातले कितीतरी झरे जांभा आणि चिकणमाती यांच्या याच सांध्यावर फुटतात, आणि आपल्या विहिरींचे झरेही पुष्कळदा तेथेच लागलेले असतात. आता सड्यावरच्या घराने जांभा फोडून पंधरा फूट खोल शोषखड्डा केला, तर त्याने काय केले? वरची वीतभर माती, जी काही उपयोगाची होती, ती उकरून टाकली आणि मैलापाणी थेट त्या सांध्याच्या डोक्यावर नेऊन सोडले. विहीर उताराच्या बाजूला असेल तर साठ फूट काय आणि दोनशे फूट काय, फारसा फरक पडत नाही.

जांभ्याची लाल माती, म्हणजे मऊ, भुसभुशीत माती, या कामाला वाईट नाही. तिच्यातले लोहाचे प्रमाण विषाणूंना धरायला उपयोगी पडते आणि पाणीही ती बेताने सोडते. वाईट आहे तो तिच्याखालचा भोकांचा कातळ. त्यामुळे कोकणात प्रश्न जागेचा कमी आणि खोलीचा अधिक असतो. खड्डा जितका खोल, तितका तो चांगल्या मातीपासून दूर आणि पाण्याच्या वाटांच्या जवळ. गवंड्यांची समजूत नेमकी उलट आहे.

देशावर चित्र वेगळे आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या बेसाल्टचा. वर काळी माती, मग मुरूम, मग सांधे पडलेला खडक आणि खाली पक्का पाषाण, अशी उतरंड पश्चिम विदर्भापासून सोलापूरपर्यंत थोड्याफार फरकाने सापडते. खोल काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, ही तेथील अडचण. आणि डोंगरउतारावर फूटभर मातीखाली लगेच मुरूम लागतो, ही दुसरी. मुरमाचे कौतुक सगळीकडे ऐकायला मिळते, कारण त्यात खड्डा झटकन रिकामा होतो. पण मुरमाखालच्या सांध्यांतूनच गावच्या विहिरीला पाणी येत असते, हे विसरू नये.

आता जमीन तपासायची कशी, याकडे येतो. पहिली पायरी म्हणजे ज्या जागी पाणी मुरवायचे आहे त्या जागी माणूस उतरेल एवढा, सहा फुटांपर्यंतचा चाचणी खड्डा घेणे आणि त्याची भिंत पाहणे. जेसीबीने घेतला असेल तर बकेटच्या दातांनी भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, म्हणून ती कुदळीने खरवडून मगच पाहावी. मातीचा थर किती, खडे कुठे सुरू होतात, झाडांची मुळे कुठवर गेली आहेत, भेग किंवा भोक दिसते का, हे लिहून ठेवावे. ओल्या मातीची बोटाएवढी वळी वळून पाहावी. वळी न मोडता लांब होत गेली तर चिकण अधिक, वळताच भुगा झाला तर वाळू अधिक. बाहेरच्या पुस्तकांत मातीतले राखाडी आणि तांबडे ठिपके पाहून पावसाळ्यातली पाणीपातळी ओळखावी असे सांगितलेले असते. आपल्याकडे जांभ्याच्या मुलखात तो ठोकताळा फसवा आहे, कारण जांभा आणि त्याखालची चिकणमाती मुळातच ठिपकेदार असतात.

दुसरी पायरी म्हणजे पाणी मुरण्याचा वेग मोजणे. मानकातली कृती साधी आहे. शोषचराचा, म्हणजे पाणी जिरवण्यासाठी खणलेल्या लांब, उथळ चराचा, तळ जेथे येणार त्या खोलीपर्यंत १०० ते ३०० मिलिमीटर व्यासाचे किंवा बाजूचे छिद्र घ्यावे, त्याच्या बाजू सुरीने खरवडाव्यात, सुटी माती काढून तळाशी ५० मिलिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी घालावी, आणि खडीच्या वर किमान ३०० मिलिमीटर पाणी भरून ते रात्रभर ठेवावे. ही रात्र चुकवू नये. विशेषतः काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते. वैशाखात तिच्यात ओतलेले पाणी भेगांतून गडप होते आणि माती फार चांगली आहे असे वाटते. चोवीस तास भिजल्यावर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागचे हलत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी शिल्लक असेल तर ते खडीच्या वर १५० मिलिमीटर राहील असे करून अर्ध्या तासात किती उतरले ते मोजावे. शिल्लक नसेल तर पुन्हा १५० मिलिमीटर भरून दर अर्ध्या तासाने मोजत चार तास जावेत आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरावा. वाळूत दहा-दहा मिनिटांनी तासभर मोजले तरी चालते. त्यावरून २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटे लागली, ते काढायचे. तीस मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा किंवा शोषचर, तीस ते साठ असेल तर फक्त शोषचर, आणि साठच्या वर गेले तर जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून गाळणीसारखा वेगळा उपाय करायचा, असे मानक सांगते.

एकदा छिद्र भिजवून "उद्या मोजू" म्हटल्यावर तिथला गवंडी म्हणाला, "भाऊ, पाणी खाली जातंय ना? मग घड्याळ कशाला?" त्याच्या प्रश्नात तथ्य आहे, आणि उत्तर थोडे अवघड आहे. या चाचणीने पाणी जाईल की तुंबेल एवढेच कळते. जाताना ते शुद्ध होईल का, हे कळत नाही. गुहागर, हर्णै, आंजर्ले अशा किनाऱ्यालगतच्या गावांत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, वसलेल्या वाड्यांमध्ये ही चाचणी घेतली, तर पाणी पाहता पाहता उतरते. कागदावर ती जमीन पहिल्या वर्गात पास होते. पण त्याच वाडीत काही फुटांवर पाणी लागलेली विहीर असते, लांबट चिंचोळ्या आगरात शेजाऱ्याचे शौचालय आणि आपली विहीर यांत एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, तेवढा असतो, आणि जाड वाळूत पाणी इतके वेगाने जाते की तिला आपले काम करायला सवडच मिळत नाही. म्हणून फार सावकाश जमीन जशी नको, तशी फार घाईची जमीनही नको. माझ्या मते दोन-तीन मिनिटांच्या आतला आकडा आला, तर आनंद मानण्याऐवजी थांबून विचार करावा.

दोन खड्ड्यांच्या शौचालयासाठीची, म्हणजे जेथे सेप्टिक टँक नसते आणि दोन शोषखड्डे आलटून-पालटून वापरतात त्यासाठीची, वेगळी अंतरेही हाच विचार मांडतात. खड्ड्याचा तळ आणि वर्षातली सर्वांत वरची पाणीपातळी यांत दोन मीटर किंवा अधिक अंतर असेल आणि माती बारीक, म्हणजे ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी कणमानाची असेल, तर विहिरीपासून तीन मीटरही पुरतात. पाणीपातळी त्याहून जवळ असेल तर त्याच बारीक मातीत दहा मीटर लागतात. माती भरड असेल तर तळ बंद करून खड्ड्याभोवती ५०० मिलिमीटर जाडीचे बारीक वाळूचे वेष्टन द्यावे लागते. भेगांच्या खडकासाठी मात्र असा बिनधोक आकडा नाही. तेथे जागा तपासूनच ठरवावे लागते. म्हणजे तीन मीटर की दहा मीटर, हे मातीने ठरवायचे असते, टेपने नव्हे.

सर्वांत वरची पाणीपातळी कशी काढायची? घराजवळ विहीर असेल तर सोपे आहे. आतल्या बांधकामावर शेवाळाची आणि चुन्याच्या पांढऱ्या डागाची रेषा असते, ती पाहावी. त्याहून बरे म्हणजे घरातल्या थोरल्या बाईला विचारावे. माझी चुलती तिच्या विहिरीविषयी एवढेच सांगते की, श्रावणात कठड्यावरून वाकून कळशी बुडवता येते आणि मे महिन्यात दोर पुरत नाही. सरकारी भूजल यंत्रणेच्या नोंदवहीतही याहून उपयोगी माहिती मिळणार नाही. कोकणात पावसाळा आणि उन्हाळा यांतला हा फरक कित्येक मीटरचा असतो. पाणीपातळी जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर मानकाप्रमाणे शोषचर अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर, भराव घालून करायचा असतो. अशा ठिकाणी आठ फूट खोल खड्डा केला, तर चार महिने त्याचा तळ भूजलात बुडालेला असतो आणि खड्ड्यातले व विहिरीतले पाणी एकच झालेले असते. काही घरांच्या ओट्याखालून पावसाळ्यात उपळ, म्हणजे जमिनीतून वर येणारे झरे, फुटतात. तेथे तर खड्ड्याचा विचारच करू नये.

कोकणात याला एक खास जोड आहे. वर्षभर घरात आई-वडील दोघेच असतात आणि गणपतीत मुंबई-पुण्याहून वीस-पंचवीस माणसे येतात. शिमग्यालाही येतात, पण तेव्हा जमीन कोरडी असते. गणपती येतात ते भाद्रपदात, म्हणजे पावसाने जमीन तुडुंब झालेली असताना. थोडा हिशेब करू. शौचालयाचे पाणी माणशी रोज तीस लिटर धरले, तर पाच माणसांचे १५० लिटर होते. जमिनीचा आकडा सोळा मिनिटांचा असेल, तर मानकातल्या सूत्राप्रमाणे २०४ ला सोळाच्या वर्गमुळाने भागायचे. दर चौरस मीटरला रोज ५१ लिटर पाणी ती माती घेईल. म्हणजे सुमारे तीन चौरस मीटर पुरे, आणि एक मीटर व्यासाच्या, तोटीखाली एक मीटर खोल शोषखड्ड्याची भिंत तेवढी भरते. आता पंचवीस माणसे आली. ७५० लिटर झाले, पंधरा चौरस मीटरच्या आसपास जागा हवी, म्हणजे तसे पाच खड्डे किंवा साठ सेंटिमीटर रुंदीचा पंचवीस मीटर लांब शोषचर. आणि हा आकडा कोरड्या दिवसांत मोजलेल्या जमिनीचा. खड्डा गणपतीत तुंबला की लोक तो आणखी खोल करतात, आणि पुढच्या वर्षापासून तो तुंबत नाही. का तुंबत नाही, ते वर आलेच आहे.

हल्ली तीन-चार गुंठ्यांचे प्लॉट पाडून बंगल्यांच्या योजना निघतात, त्यांच्याविषयीही लिहायला हवे. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट, साधारण पन्नास बाय पासष्ट. त्यात घर, गाडीची जागा, बोअर आणि शोषखड्डा बसवायचा. आपल्या बोअरपासून आपला खड्डा साठ फूट दूर ठेवणे कसेबसे जमेल. पण त्यासाठी तो जेथे जातो, तेथून शेजाऱ्याची बोअर पंधरा फुटांवर असते. प्रत्येकाचा नकाशा आपापल्या कुंपणाच्या आत बरोबर असतो आणि सर्वांचे नकाशे शेजारी शेजारी मांडले की सगळेच चूक ठरतात. अशा योजनेत पाण्याचा स्रोत वरच्या अंगाला सामाईक आणि मैलापाण्याची प्रक्रिया खालच्या अंगाला सामाईक ठेवणे हाच शहाणपणा आहे, आणि तो प्लॉट विकण्यापूर्वीच करता येतो. बोअर खोल आहे म्हणून सुरक्षित, या समजुतीवरही विसंबू नये. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये वरून घातलेला पाइप, बहुधा वरच्या मऊ थरापुरते असते. ते पक्क्या खडकात बसवलेले नसेल आणि त्याच्या बाहेरची फट सिमेंटने भरलेली नसेल, तर वरचे पाणी त्या फटीतून थेट खाली उतरते.

उपाय फार खर्चाचे नाहीत, पण ते खड्ड्याच्या समजुतीविरुद्ध जातात. पहिला म्हणजे न्हाणी-मोरीचे पाणी टाकीत न घालता माडाच्या, केळीच्या आळ्यात सोडणे; आपल्या आधीच्या पिढ्या हेच करीत होत्या. दुसरा म्हणजे खोल खड्ड्याऐवजी उथळ चर. अर्धा ते एक मीटर खोल, तळाशी धुतलेली खडी, त्यात सांधे मोकळे ठेवलेला किंवा भोके पाडलेला पाइप, वर माती. पाणी जितके पसरट आणि जमिनीच्या वरच्या थरात सोडू, तितके ते मुळांच्या आणि हवेच्या टप्प्यात राहते. कातळावर माती वीतभरच असेल, तर चिऱ्यांचा बांध घालून आत लाल माती आणि वाळू भरावी आणि त्या चौथऱ्यात चर घ्यावा. कोकणात चिरे आणि माती दोन्ही जवळच मिळतात. तेही शक्य नसेल, तर टाकीनंतर तळ बंद असलेला खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावावी आणि त्यातून निघणारे पाणी बागेला, विहिरीच्या विरुद्ध उताराला द्यावे. टाकीचा तळ आणि भिंती पाणी न झिरपणाऱ्या हव्यात, हे सांगायची गरज पडू नये. पण "सेफ्टी टँक" म्हणून बांधलेल्या कित्येक टाक्यांना तळाचा कोबाच नसतो. टाकी वेळेवर उपसावी लागते, त्यासाठी गाडी तेथपर्यंत पोहोचेल अशी जागा ठेवावी, आणि माणसाला कधीही आत उतरवू नये. संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने क्षणात जीव जाऊ शकतो.

राहिले ते आधीपासून असलेले खड्डे आणि विहिरी. सार्वजनिक स्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, पण परसातल्या खासगी विहिरीकडे तसे कोणी पाहत नाही. तिची तपासणी आपणच करावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे जैविक तपासणीच्या लहान बाटल्या असतात. त्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर मैल्याचा संसर्ग आहे असे समजावे. नायट्रेटची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि तान्ह्या मुलांना तिच्यापुढचे पाणी घातक ठरू शकते. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतेच. मात्र ते गोठ्यातून आणि खतांतूनही येते, त्यामुळे एकट्या नायट्रेटवरून शोषखड्ड्याला दोषी धरू नये. जंतू आणि नायट्रेट दोन्ही आढळले आणि वरच्या अंगाला खड्डा असेल, तर संशय पक्का होतो. एक नमुना पहिल्या जोरदार पावसानंतर घ्यावा आणि दुसरा गणपतीची माणसे परत गेल्यावर लगेच. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर घेतलेला जैविक नमुना स्वच्छ येतो आणि त्यातून काहीच कळत नाही, तेव्हा तो टीसीएल टाकण्याच्या आदल्या दिवशी, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्यावा आणि त्याच दिवशी पोहोचता करावा.